हरकतदार

मंदारने गळ्यातले ओळखपत्र काढून खिशात घातले आणि मगच ट्रिप्लिकेनमधल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या दाराची घंटी दाबली.

"सीतालक्ष्मी अम्मा इथेच राहतात का?" त्याने मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारले.

दारातल्या वृद्ध बाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. "मीच ती. तुम्ही?"

"मंदार हेर्लेकर."

"हेर्लेकर?" बाईंचा चेहरा उजळला. पुढचे शब्द तमिळ हेलाच्या, दोन-अडीचशे वर्षे मागे राहिलेल्या तंजावरी मराठीत आले. "मग तोंडांत खडे घेऊन तमिळ कशाला बोलतां? या, बसा. भजनाच्या मंडळींनी पाठवलें का?"

मंदारने मान अशी हलवली की तिचा अर्थ ज्याने त्याने लावावा. चेन्नईत येऊन तो एवढे शिकला होता.

नुंगंबाक्कममधल्या ज्या वकिली कार्यालयात तो नोकरीला होता, तिथे एका परदेशी औषध कंपनीचे काम चालू होते. रक्ताच्या कर्करोगावरच्या तिच्या गोळीला पेटंट देऊ नये, अशी हरकत सीतालक्ष्मी नावाच्या कुणा निवृत्त संगीतशिक्षिकेने घेतली होती. अशी हरकत कुणालाही घेता येते. पण संगीत शिकवणारी बाई रसायनशास्त्राचा असा नेमका युक्तिवाद कसा लिहील? नाव खोटे असणार आणि मागे तीच गोळी स्वस्तात बनवणारी देशी कंपनी असणार, याविषयी कार्यालयाचे प्रमुख कृष्णस्वामी सर यांना शंका नव्हती. बाई खरोखर आहे की नाही, एवढेच मंदारला पाहून यायचे होते.

बाई होती. खिडकीपाशी तिचे यजमान वेंकटराव भर उकाड्यात शाल पांघरून बसले होते.

"आमचीं नातवंडें मराठी बोला म्हटलें कीं कडू काढा प्याल्यासारखें तोंड करतात," सीतालक्ष्मी कॉफीचा पेला पुढे करत म्हणाल्या. "लग्न झालें तुमचें?"

"त्याला पिऊं तरी दे," वेंकटराव म्हणाले.

मंदार हसला. वेंकटरावांच्या तबियतीची चौकशी त्याने केली ती खरोखर आस्थेने, निदान सुरुवातीला. बाई मोकळेपणी सांगत गेल्या. परदेशी गोळी महिनाभर घ्यायची तर यांचे वर्षाचे पेन्शन पुरणार नाही. देशी गोळी आली म्हणून हे उठून बसले.

"मग त्या कंपनीचा एक पोर आला. म्हणाला, अम्मा, परदेशी कंपनीला पेटंट मिळालें तर आमची गोळी बंद. हरकतीवर सही कराल का? काय लिहिलें होतें तें देवाला ठाऊक. मी केली सही. तेव्हांपासून गोळ्या तोच आणून देतो."

"फुकट?"

"फुकट."

"इतक्या वर्षांच्या संसारांत," वेंकटराव म्हणाले, "हिच्या सहीचा मला झालेला हा पहिला फायदा."

तिघेही हसले. आपण तो एक शब्द कोणत्या सुरात विचारला, हे फक्त मंदारला कळले होते. त्याने उरलेली कॉफी थंड होऊ दिली.

कार्यालयात कृष्णस्वामींनी त्याच्याकडून सगळे शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे सही तिची, हरकत त्यांची, आणि मोबदला औषधाचा. हरकत बनावट ठरवायला एवढं पुरे. तुम्ही ऐकलंत त्याचं प्रतिज्ञापत्र तुमच्याच नावाने करा."

"सर, तिचा नवरा आजारी आहे. हरकत तिचीसुद्धा आहेच की."

"असेल. आपल्या अशिलाने पंधरा वर्षं संशोधनात घातली, तेही आहेच. गोळी सापडलीच नसती, तर नक्कल कशाची केली असती?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही ऐकलंत ते खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग?"

सरांचे म्हणणे मंदारला आजही पटत होते. त्याने प्रतिज्ञापत्र लिहिले. ते संभाषण मराठीत झाले होते, एवढे मात्र लिहायचे टाळले.

हल्ली सुनावण्या संगणकाच्या पडद्यावरच होतात. ही समोरासमोर व्हावी, अशी मागणी कृष्णस्वामींनीच केली होती; बाई येणार नाही, असा त्यांचा होरा होता. गिंडीच्या पेटंट कार्यालयात ठरल्या वेळी दार उघडले आणि ठेवणीतली रेशमी साडी नेसलेल्या सीतालक्ष्मी आत आल्या. टेबलाच्या पलीकडे त्यांचा वकील बसला होता. त्याला त्यांनी बहुधा प्रथमच पाहिले असावे. कोट घातलेल्या त्या सगळ्या चेहऱ्यांवरून त्यांची नजर भांबावून फिरली आणि मंदारवर येऊन थांबली.

टेबलाला वळसा घालून त्या आल्या आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या.

"अम्मा, तुमची बाजू तिकडे," अधिकारी तमिळमध्ये म्हणाले.

"असूं द्या. हा आमच्यांतला आहे," त्यांनी तमिळमध्येच सांगितले. मग मंदारकडे झुकून हलकेच मराठीत म्हणाल्या, "तुम्ही येणार हें सांगायचें नाहीं का? रात्रभर भीतीनें झोंप नाहीं मला."

कृष्णस्वामी समोरच्या कागदांकडे पाहत राहिले. पलीकडचा वकील अर्धवट उठला आणि पुन्हा बसला.

अधिकाऱ्यांनी फाइल उघडली. "प्रतिज्ञापत्र देणारे उपस्थित आहेत का? त्यांनी उभं राहावं."

सीतालक्ष्मींचा हात मंदारच्या बाहीवर होता. कोण उभे राहते ते पाहायला त्या दाराकडे वळल्या.