ठेवायचा की न्यायचा

धर्मराज तळेकरांनी मोठा लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला, जरा खालीवर करून पाहिला आणि काउंटरवर ठेवला. मग लहान उचलला. तो एकाच हातात आला, तशी त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"शेठ, ह्याच्यात आत काही हाय का न्हाई?"

"सगळं आहे पाटील," उत्तमचंदशेठ म्हणाले. "जे त्याच्यात ते ह्याच्यात. फक्त सीडी लावायची जागा न्हाई."

"मंग भाव सारखा कसा?"

"लहान करायलाच डोकं लागतं."

हे धर्मराजांना पटलं नाही. माल निम्मा आणि भाव सारखा, हे त्यांनी अजून कुठल्या बाजारात पाहिलं नव्हतं. त्यांनी लहान लॅपटॉप परत ठेवला, तोही जरा लांब.

सदर बाजारातल्या त्या दुकानावर अजून 'रेडिओ व टेपरेकॉर्डर' अशीच पाटी होती. खाली लहान अक्षरांत नंतर कधीतरी 'कंप्युटर' वाढवलेलं होतं. काचेच्या कपाटात लॅपटॉप दोनच होते, त्यामुळे निवड सोपी होती असं कुणालाही वाटलं असतं.

शिवकन्या दोन्ही लॅपटॉपच्या मधोमध उभी होती. तिच्या हातात वहीचं एक पान होतं. काय काय बघून घ्यायचं, ते परभणीच्या सीनियर मुलींनी फोनवरून सांगितलेलं आणि तिने लिहून घेतलेलं. पहिल्याच ओळीत तिने 'वजन' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"अण्णा, मला हा लहान बराबर आहे," ती म्हणाली. "रोज प्रयोगाच्या प्लॉटवर न्यावा लागंल. हॉस्टेलपासून दोन किलोमीटर."

"घरी काय दोन किलोमीटर हाय?"

"मी हॉस्टेलचं सांगून राह्यले."

"ते बघू," धर्मराज म्हणाले आणि मोठ्याचं झाकण उघडून बोटाने बटणं दाबू लागले. लॅपटॉप बंदच होता.

'ते बघू' हे गेले पंधरा दिवस चाललं होतं. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिवकन्याचा एम. एस्सी.ला नंबर लागला होता. सोमवारी जाऊन हजर व्हायचं होतं. सोमवारी हजर नाही झालं, तर नंबर पुढच्या मुलाला जाणार होता. आणि नेमकं त्याच पंधरवड्यात हसनाबादचं स्थळ आलं. मुलगा जालन्यात एमआयडीसीत, रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर. मुलगा फार बोलला नाही, त्याच्या वाट्याचं सगळं त्याचे मामा काकासाहेब बोलले. मुलगी पसंत आहे, हुंडा बिलकुल नको, फक्त दोन वर्षं हॉस्टेलला राहणं तेवढं आमच्याकडं जमायचं नाही. मग शिक्षणाचं काय, असं धर्मराजांनी विचारलं, तेव्हा काकासाहेब हसले होते.

"पाटील, कोणत्या जमान्यात हायेत तुम्ही? एक लॅपटॉप घेऊन द्या. घरबसल्या सगळं शिक्षण होतंय आता. चांगला मोठा घ्या, म्हंजे पोराच्या बी कामी येईल."

धर्मराजांना हे एकदम आवडलं. मुलगी शिकावी असंही त्यांना वाटत होतं आणि हातचं स्थळ जाऊ नये असंही वाटत होतं. एका वस्तूत दोन्ही गोष्टी बसत होत्या. शिवकन्याने तीनदा सांगून पाहिलं होतं की, तिचा विषय माती आहे आणि मातीचे नमुने लॅपटॉपमधून निघत नाहीत. तिन्ही वेळा त्यांनी मान हलवली होती. आज शेतातला मिरचीचा तोडा तसाच सोडून, धावड्याहून सकाळची गाडी धरून तिघं जालन्याला आले होते.

तिसऱ्या म्हणजे पुष्पाबाई, शिवकन्याची आई. त्या दाराजवळच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं आणि त्यांनीही दोन्हींपैकी एकालाही हात लावला नव्हता. आता त्या एकदम म्हणाल्या,

"शेठ, लाइट गेल्यावर कोणता किती वेळ चालतो?"

उत्तमचंदशेठ वळले. इतक्या वेळात पहिला कामाचा प्रश्न आला, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मोठा दीड तास, भाभी. लई झालं तर दोन. लहान चार तास ओढतो."

"आपल्या घरी इन्व्हर्टर हाय की," धर्मराज म्हणाले.

"आपल्या घरी हाय," पुष्पाबाई म्हणाल्या.

धर्मराजांनी मोठा पुन्हा आडवा-उभा करून पाहिला. "शेठ, ह्याच्यात शूटिंगची सीडी लावता येती ना?"

"एकदम मस्त दिसंल."

"कशाची शूटिंग, अण्णा?" शिवकन्याने विचारलं.

"कशाची बी. लोक करतेत."

उत्तमचंदशेठनी काउंटरवर नसलेली धूळ पुसली. शिवकन्याने हातातल्या पानाची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

तेवढ्यात धर्मराजांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून नाव वाचलं. "काकासाहेब," ते म्हणाले, कुणाला उद्देशून नाही. "हॅलो... हां, हां, दुकानातच हाय... हॅलो?" दुकानात रेंज धड नव्हती. ते पायरी उतरता उतरता मागे वळले. "शेठ, मोठा बांधा. आलोच मी."

ते बोलत बोलत गल्लीच्या टोकापर्यंत गेले. उत्तमचंदशेठनी खालून खोकं काढलं, त्यातलं थर्माकोल बाहेर घेतलं आणि मोठा लॅपटॉप पिशवीत सरकवायला लागले.

"शेठ, थांबा," पुष्पाबाई म्हणाल्या. त्या उठून काउंटरशी आल्या. "शिवा, तुला खरंच रोज न्यावा लागंल?"

"रोज."

"घरी बसून न्हाईच होत ते?"

"न्हाई माय. माती तिथं हाय."

पुष्पाबाईंनी लहान लॅपटॉपवर तळहात ठेवला. झाकण थंडगार आणि धातूचं होतं. "हा द्या."

"पाटील मोठा म्हणाले, भाभी."

"ऐकलं मी."

"मला बोलतील ना ते."

"तुम्हाला न्हाई बोलायचे. बोलायला मी हाय."

उत्तमचंदशेठनी हातातली पिशवी खाली ठेवली. तीस वर्षांच्या धंद्यात नवरा-बायकोच्या मधे उभं राहायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदा आलेली नव्हती. त्यांनी दोघांनाही सोयीचा रस्ता काढला. "असं करा, न्या तुम्ही. घरी नेऊन दाखवा. न्हाई पटला तर सात दिवसांत मोठा बदलून देतो. मी पावतीवर तसं लिहितो."

पुष्पाबाईंचा हात झाकणावर तसाच राहिला.

"म्हंजे उद्या कुणी परत आणला, तर तुम्ही घेणार?"

"घेणार की. जबान आहे. फक्त त्याच्यावर ओरखडा नको, खूण नको."

"खूण असली तर?"

"मंग बिलकुल न्हाई. मंग गॅरंटी बी गेली."

"बराबर," पुष्पाबाई म्हणाल्या. त्यांनी लॅपटॉप उचलून पदराखाली घेतला आणि पायरी उतरल्या.

शिवकन्या मागोमाग धावली. "माय, कुठं चालली?"

समोर भांड्यांचं दुकान होतं. त्याच्या ओट्यावर भांड्यांवर नावं घालणारा मच्छिंद्र बसायचा. स्टीलच्या ताटांची चळत त्याच्या डाव्या हाताला, नाव टाकायचं यंत्र उजव्या हातात आणि यंत्राची वायर मागे दुकानात गेलेली. पुष्पाबाईंनी त्याच्यासमोर लॅपटॉप ठेवला.

"काय आणलं मावशी? डबा हाय का?"

"डबाच समज. नाव टाकायचंय."

मच्छिंद्रने वस्तू उघडून पाहिली आणि घाईघाईने मिटली. "मावशी, हे भांडं न्हाई."

"वरून स्टीलच हाय ना?"

"मच्छिंद्र! हात लावू नको त्याला!" पलीकडून उत्तमचंदशेठ आपल्या पायरीवरून ओरडले. "भाभी, गॅरंटी जाईल!"

"म्हाईत हाय शेठ, तुम्हीच सांगितलं," पुष्पाबाई तिकडे न बघता म्हणाल्या.

मच्छिंद्रने एकदा शेठकडे, एकदा पुष्पाबाईंकडे आणि शेवटी शिवकन्याकडे पाहिलं. वस्तू हिची, एवढं त्याच्या लक्षात आलं असावं. शिवकन्या आईकडे बघत होती. मग ती खाली बसली. तिने लॅपटॉप उलटा करून बॅटरी काढली, ओढणीची चौपदरी घडी करून ओट्यावर अंथरली आणि त्यावर लॅपटॉप सुलटा ठेवला.

"हळू टाका," ती मच्छिंद्रला म्हणाली. "एका जागी लई दाबू नका. आतमधे डिस्क असती."

"फुटलं तर मी जिम्मेदार न्हाई."

"न्हाई म्हणत तुम्हाला."

मच्छिंद्रने यंत्र हातात घेतलं. "नाव?"

"शिवकन्या," पुष्पाबाई म्हणाल्या.

"पुढं? लगीन जमलं असंल तर सासरचं सांगा. न्हाईतर पुढची जागा रिकामी सोडतो. पोरींच्या भांड्यावर मी सोडतच असतो, मावशी. नंतर येऊन टाकून घेतेत."

"जागा सोडू नको. शिवकन्या धर्मराज तळेकर. आणि आधी कु. टाक."

"लांब होईल."

"होऊ दे. जागा लई हाय."

यंत्र कर्रकर्र करू लागलं. 'कु.' झालं. 'शि'ची वेलांटी मच्छिंद्रने ताटावर काढायचा तशीच ऐटीत काढली. शिवकन्याने आधी दोन्ही हात कानांवर ठेवले होते. 'न्या'पर्यंत तिने ते खाली घेतले आणि अक्षर कसं उमटतं ते बघायला लागली. पुष्पाबाई उभ्याच होत्या. त्यांची नजर गल्लीच्या टोकाकडे होती.

धर्मराज फोन हातात घेऊन परत आले, ते आधी दुकानात शिरले. काउंटरवर मोठा लॅपटॉप तसाच पडलेला होता. उत्तमचंदशेठनी समोरच्या ओट्याकडे बोट केलं.

धर्मराज रस्ता ओलांडून आले. चालता चालताच त्यांनी बोलायला सुरुवात केली होती. "काकासाहेब म्हणले, गुरुवारी येतो सुपारी फोडायला. पोरीला सोमवारी धाडू नका म्हणले, उगी..." ते थांबले. "हे काय करून राह्यली?"

"नाव टाकून राह्यले," पुष्पाबाई म्हणाल्या.

"हा तर लहान हाय."

"हो."

"अगं, मी मोठा बांधा म्हणून गेल्तो ना?" त्यांनी मागे वळून पाहिलं. "राहू दे. शेठ देतील बदलून."

"आता न्हाई देत. मी इचारून घेतलं."

धर्मराजांनी आजूबाजूला थांबलेल्या चार लोकांकडे पाहिलं. शिवकन्याने मान वर केली नाही. ओढणीचं एक टोक तिने मुठीत धरलं होतं.

मच्छिंद्रने 'तळेकर'चा शेवटचा र संपवला आणि झाकणावर जोरात फुंकर मारली. बारीक चमकता भुगा उडाला. धर्मराज वाकले. ते वाचताना ओठ हलवायचे, तसे त्यांचे ओठ हलले. 'धर्मराज'शी ते थांबले. घरातल्या भांड्यांवर त्यांच्या वडिलांचं, रामरावांचं नाव होतं, नाहीतर पुष्पाबाईंच्या माहेरचं. त्यांनी आपल्या नावावरून अंगठा फिरवला. अक्षरं हाताला लागत होती.

"पाटील, तारीख कोणती टाकू?" मच्छिंद्रने विचारलं. "जल्दी सांगा, चारला लाइट जाती."

तारखेचा विचार पुष्पाबाईंनी केला नव्हता. मच्छिंद्र धर्मराजांकडेच बघत होता. तारीख बापमाणसाला विचारायची, ही त्याची रीत होती.

धर्मराजांच्या हातात फोन अजून तसाच होता. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

"शिवा," ते म्हणाले, "सोमवारी काय तारीख येती?"

शिवकन्याने वर पाहिलं.

"अकरा."

"अकराच ना? बराबर सांग. पुन्हा खोडता येत न्हाई."

"अकराच, अण्णा. अकरा ऑगस्ट."

"ती टाक," धर्मराज मच्छिंद्रला म्हणाले.

यंत्र पुन्हा सुरू झालं. ओढणीवर लॅपटॉप थोडा सरकायला लागला, तेव्हा धर्मराज गुडघ्यावर बसले आणि त्यांनी झाकणाचा कोपरा दोन बोटांनी दाबून धरला.