टोस्टदाणीतली दोन पाकिटं

पहिला खण

मित्रांनो, मला नावाने ओळखणारे आता थोडेच उरले आहेत. मी टोस्टदाणी. शेफील्डच्या कारखान्यात तारा वाकवून मला घडवलं, वर चांदीचा मुलामा चढवला. भाजलेले पाव एकमेकांना चिकटून मऊ पडू नयेत, म्हणून त्यांना वेगवेगळं उभं ठेवायचं, एवढंच माझं काम. नेविल आणि डोरीन ग्रीव्हज यांच्या लग्नात मी आहेर होऊन बार्न्स्लीला आले. पाहुणे म्हणायचे, "काय ऐट आहे हिची!"

मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की माझ्यात टोस्ट गार होतो. डोरीन थेट ताटलीत वाढू लागली. मी खिडकीच्या कट्ट्यावर गेले. मुलामा उडाला. माझ्यात पाकिटं येऊ लागली.

दुसरा खण

नेविल लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या फर्मने त्याला वापरायला गाडीही दिली होती. पगारातून कर किती कापायचा, ते तिथलं ऑफिस बघायचं. टॅक्स खात्याचं पाकीट घरी आलं, की नेविल ते न फोडता माझ्यात खोचायचा. "बघतील ऑफिसवाले."

पन्नाशी उलटल्यावर त्याने नोकरी सोडली. गाडी परत केली, जुनी व्हॅन घेतली आणि स्वतःची लिमिटेड कंपनी काढली. मालक तोच, नोकरही तोच.

"डायरेक्टरसाहेब, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवता का?" डोरीनने विचारलं.

"सेक्रेटरीला सांगतो."

"सेक्रेटरी भांडी घासतेय!"

पानगळ सुरू झाली होती. एका सकाळी दारातून दोन पाकिटं पडली. एक कंपनीच्या नावाचं, एक नेविलच्या. कंपनीचं त्याने ताठ बसून फोडलं. आत एवढंच होतं: नेविल ग्रीव्हज यांच्या पगाराला हा टॅक्स कोड लावावा. टॅक्स कोड म्हणजे किती कमाई करातून सुटणार, ते सांगणारा आकडा. मालकाने तो मुकाट्याने नोकराला लावला.

तो आकडा आला कसा, ते दुसऱ्या पाकिटात होतं. ते नेविलने सवयीने माझ्यात खोचलं. फोडलेलं एका खणात, न फोडलेलं दुसऱ्यात. मी त्यांना वेगळं धरून उभी राहिले. मला दुसरं काही येतच नाही.

तिसरा खण

हिवाळा. पगार हातात यायचा तो दर महिन्याला तोकडा. नेविल म्हणायचा, "नवा धंदा आहे, असंच चालायचं." वरच्या खोलीतला हीटर काटकसरीसाठी बंद झाला. फेब्रुवारीत व्हॅनचा गिअरबॉक्स गेला.

नेविलच्या वडिलांचं एक कॉर्नेट होतं, ट्रम्पेटसारखं फुंकायचं पितळी वाद्य, खाणकामगारांच्या बँडमधलं. नेविल त्याच बँडमध्ये ते वाजवायचा.

"ते नको रे विकूस," डोरीन म्हणाली. "तुझ्या वडिलांचं आहे."

"व्हॅन नाही तर काम नाही, डोरीन."

"आणि ते गेल्यावर रविवारी काय करशील?"

"झोपेन."

बेल्जियमचा एक माणूस ते घेऊन गेला. फुंकायची पितळी मुखनळी त्याच्याकडे स्वतःची होती. या कॉर्नेटची नेविलकडेच राहिली.

मार्चच्या सुरुवातीला डोरीनची बहीण राहायला येणार होती. डोरीनने मला घासायला घेतलं. पाकिटं बाहेर काढली. न फोडलेलं फोडलं, वाचलं, पुन्हा वाचलं.

"नेविल, आपल्याकडे कंपनीची गाडी आहे का?"

"कंपनीची? माझ्या? माझ्या कंपनीकडे धड पाना नाही!"

"जुन्या फर्मची."

"ती तर केव्हाच परत केली."

"इथे अजून आहे. गाडी मिळते ती कमाईच धरून तुझी करातली सूट कापलीये."

फर्मने गाडी परत घेतल्याचं कळवलंच नव्हतं. आणि नेविलने, मालकाने काय किंवा नोकराने काय, विचारलंच नव्हतं. डोरीनने दोन्ही कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. पहिल्यांदाच. नेविलने दोन्हींवरून ओळीओळीने बोट फिरवलं.

"व्हॅनचं बिल यातूनच भागलं असतं," तो म्हणाला.

डोरीन मला पुसत राहिली.

टॅक्स खात्याला फोन झाला. कोड बदलला. जास्तीचा कापलेला कर पुढच्या पगारात परत आला, अगदी पेनीसकट. नेविलने त्याच दिवशी बेल्जियमला फोन लावला. त्या माणसाने कॉर्नेट पुढे विकून टाकलं होतं. कोणाला, ते त्याला आठवत नव्हतं.

चौथा खण

मित्रांनो, आता नेविल टॅक्स खात्याचं पाकीट दारातच, कोटही न काढता फोडतो. कंपनीचं आणि स्वतःचं शेजारीशेजारी धरून वाचतो. माझ्याकडे पाकिटं येत नाहीत. तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी असेल, तर एकदा त्याचे खण रिकामे करून बघा. तुमच्या नावाचं पाकीट तुमच्याशिवाय कोणी फोडणार नाही.

माझे तीन खण रिकामे असतात. चौथ्यात ती मुखनळी आहे. रविवारी रस्त्यावरून बँड जातो, तेव्हा नेविल ती उचलतो आणि वाजवण्याआधी ऊब देतात तशी मुठीत धरून बसतो. बँड लांब गेला, की परत ठेवतो.

माझ्यात ती लगेच गार होते.