हळदीची वजावट

सुनेचं यंत्र शांताबाईंना भारी आवडायचं. पुण्याहून मुलाकडे ऑकलंडला राहायला आल्यापासून ना शेजार, ना भिशी. तेव्हा दर शनिवारी अवोन्डेलला मोरिता डॉक्टरांकडे जाणं हाच त्यांचा सण. हे डॉक्टर काम्पोचे, म्हणजे जपानच्या जुन्या वैद्यकीचे. कातडीचा रंग बघायचा, ती कोरडी की ओलसर, गार की ऊन हे चाचपायचं आणि निदान करायचं. त्यांच्या बोटांना जे कळतं ते आकड्यांतही दिसावं म्हणून सुनेनं, मृणालिनीनं, टॉर्चएवढं यंत्र बनवलं होतं. माउंट वेलिंग्टन भागातली नोकरी सांभाळून ती त्यात जीव ओतत होती, आणि सासूबाई तिच्या पहिल्या हौशी पेशंट.

घोळ एकच होता. शांताबाई जन्मभर आंघोळीआधी साय-हळद लावत आल्या होत्या, त्यामुळे यंत्र त्यांना पिवळं दाखवायचं.

"आई, तुम्ही माझा सगळा डेटा पिवळा करताय हं!" मृणालिनी हसून म्हणाली, आणि तिनं प्रोग्राममध्ये सासूबाईंच्या नावापुढे हळदीच्या पिवळेपणाची वजावट घालून ठेवली. इंजिनियरच ती, माणसापेक्षा आकड्यावर इलाज करणं तिला सोपं वाटलं.

उन्हाळ्यात शांताबाईंच्या अंगाला खाज सुटली. यंत्रानं कातडी कोरडी दाखवली आणि मोरितांनी कोरडेपणावर काढा दिला.

"आई, इथलं ऊन भयंकर कडक आहे. सनस्क्रीन लावत जा," मुलगा शिरीष म्हणाला.

एकदा त्यांच्या हाताकडे बघत डॉक्टरांनी मृणालिनीला रंगाबद्दल विचारलंही. "ती हळद आहे, आमच्याकडे लावतात," ती चटकन म्हणाली. दुसऱ्यांच्या रीतीभातीत नाक कशाला खुपसा, म्हणून तो भला माणूस गप्प बसला. पिवळा आकडा मात्र चढतच होता. आई हल्ली जास्तच हळद फासतायत, असं समजून मृणालिनीनं वजावट वाढवली.

मग शांताबाईंचं जेवण तुटलं. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढली आणि कावीळ म्हणाले. कावीळ कशाची, तर स्वादुपिंडातल्या गाठीची, आणि ती आता यकृतापर्यंत पोचली होती. आधी आणलं असतंत तर ऑपरेशनचा विचार तरी करता आला असता, असं त्यांनी सांगितलं.

"आई, मला वाटलं ती हळदच आहे," खाटेशी बसून मृणालिनी कशीबशी म्हणाली.

"अगं, हळद मी केव्हाच सोडली. डेटा पिवळा होतो म्हणालीस ना, त्याच आठवड्यात. म्हटलं, पोरीचं काम बिघडायला नको."

"मग मला सांगितलं का नाही?"

"त्यात सांगायचं काय? घरातल्या माणसासाठी एवढंही करू नये?"

मृणालिनीला रडूच फुटलं. शांताबाईंनी तिचा हात थोपटला, आणि जरा वेळानं हळूच म्हणाल्या, "शिरीषला हे बोलू नकोस. म्हातारीनं दुखणं अंगावर काढलं म्हण."

ती तसंच म्हणाली, आणि शिरीषला ते पटलंही. आईवर रागावत, रडत, त्यानं शेवटपर्यंत तिचं सगळं केलं.

तेराव्याला टाकानिनी उपनगरातल्या त्यांच्या घरी मंडळी जमली. ओळखीतली सुनीता हळहळली, "काकूंनी अंगावर काढलं हो. आपल्या बायकांची ही खोडच."

शिरीषनं मान डोलावली. मृणालिनीच्या हातात चहाचा ट्रे होता. तिनं तो खाली ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "आईंनी काहीही अंगावर काढलं नाही. दर शनिवारी त्या हात पुढे करत होत्या. शिरीष, ते पिवळं दिसत होतं. मीच ते वजा करत होते."