जाळीखालची इवोनी

माझे डोळे ठणठणीत आहेत. सुईत दोरा ओवते मी अजून, पण चोरून.

साओ पावलोत वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या पुष्कळ. जोडीनं विणणाऱ्या आम्ही मायलेकीच. मी खुर्चीच्या वर, इवोनी खाली फरशीवर उताणी. मी बैठकीच्या चौकटीतल्या भोकातून वेताची ओली पट्टी खाली सोडायची, तिनं ताणून शेजारच्या भोकातून वर द्यायची. यंदा कुणा वकिलाच्या जेवणाच्या टेबलासाठी शिसवी लाकडाच्या बारा खुर्च्या आल्या. त्याच आठवड्यात इवोनीवर जीव असलेला वाल्दोमिरो आला. सुतार आहे. तिकडे दूर माळरानावर देशाची नवी राजधानी बांधताहेत, तिथं निघाला होता.

"दोना जांदिरा, शनिवारी ट्रक आहे. इवोनीला लग्न करून घेऊन जातो."

"घेऊन जातो म्हणे! खुर्ची आहे का ती, उचलून न्यायला?" मी खेकसले. पण पोरीचा चेहरा कसा फुलला होता! नवरा गेल्यापासून या घरात माझ्याशी बोलणारं तिच्याशिवाय कोण आहे? संध्याकाळी मी कॉफीचा कप मुद्दाम टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. फुटला.

"डोळ्यांपुढे धुकं येतंय गं," म्हटलं. बोलले खोटं! दुसरं काही सुचलंच नाही मेलं.

शनिवारी इवोनीनं त्याला दारातच सांगितलं, "आईला दिसत नाही. मजुरांच्या बराकीत तिला कुठं ठेवू? तू जा." तो गेला.

सोमवारी आम्ही सातवी खुर्ची घेतली. खालून तिची बडबड सुरू झाली. "आई, शेजारच्या ओलगामावशीचा कोंबडा आज चक्क पाद्रीबाबांच्या मागं लागला! झगा वर धरून पळत होते बिचारे." आणि खळखळून हसली.

मी खाली पाहिलं. अर्धवट जाळीतून तिचा चेहरा दिसत होता. डोळ्यांतून धारा लागलेल्या, पार कानांपर्यंत ओघळत होत्या. पुसतही नव्हती. कशाला पुसेल? आईला दिसत नाही ना.

"काय गं आई, हसली नाहीस?"

"हसले की."

सांगून टाकावं, असं ओठांवर आलं. पण सांगितलं तर ही पोरगी मला जन्मात तोंड दाखवणार नाही. माझा हात तसाच राहिला.

"आई, पट्टी सोड ना. भोक सापडत नाही का?"

"नाही सापडत," मी म्हटलं.

तिनं खालून हात बाहेर काढला, माझं बोट धरलं आणि अलगद भोकावर नेऊन टेकवलं.