एकशे चौदावं जनावर

अख्ख्या कचेरीत ज्याला फूटपट्टी म्हणत, त्या गृहस्थाने एकवीस वर्षांत एकशे तेरा वानरमाणसं निकालात काढली होती. तीही बंदूक न उचलता, बसल्या खुर्चीवरून.

जंगलखात्याच्या मागच्या खोलीत त्याचं टेबल. खोलीला एकच खिडकी, तीही सायकलस्टँडकडे तोंड करून बसलेली. हौशी लोक जंगलात झाडाला कॅमेरे बांधत. समोरून काही गेलं की कॅमेरा आपोआप टिपायचा, आणि त्यात काळं, केसाळ, दोन पायांवर चालणारं काही दिसलं की लोक कार्ड घेऊन इथं धापा टाकत यायचे. फूटपट्टी चष्मा कपाळावर चढवून बघायचा आणि निकाल द्यायचा. "खरूज झालेलं अस्वल." "तुमचेच काका. आडोशाला गेलेत." "गाय. मागून." रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात एकशे तेरा वेळा 'ओळख पटली', आणि त्यातली एकही ओळख आजवर चुकली नव्हती. पोटच्या पोरांपेक्षा त्याला तो रकाना प्यारा होता, हे पोरांनाही ठाऊक होतं. एक गोष्ट मात्र कुणालाच ठाऊक नव्हती. दर नवं कार्ड आत सरकवताना तो मनातल्या मनात म्हणायचा, एकदा तरी खरं निघ, मेल्या.

या एकशे तेरांतली चार कार्डं त्याच्या साडूने आणलेली. साडूभाऊंचं हमरस्त्यावर टायरचं दुकान. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून मानानेही थोरले, आणि तो मान ते खिशात कंगवा ठेवावा तसा बाळगत. साडू म्हणजे निम्मा भाऊ, असं कुणीतरी म्हणून ठेवलंय. तो कुणीतरी भेटला तर फूटपट्टी त्याला उभा-आडवा मोजणार होता. साडूभाऊंची पहिली तीन कार्डं अस्वलं निघाली. चौथा राक्षस म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगावर बसलेला कोळी होता. तो निकाल फूटपट्टीने भर चहाच्या वेळी, दार उघडं ठेवून, खणखणीत आवाजात वाचला. तेव्हापासून हमरस्ता त्यांना कोळीसाहेब म्हणत होता.

तेच कोळीसाहेब पाचवं कार्ड घेऊन आले.

"बघा. आणि दार उघडंच राहू द्या," ते म्हणाले.

"उघडंच आहे. आज काय, झुरळ?"

चित्रण सतरा सेकंदांचं होतं, दिवसाढवळ्याचं. ओढ्याकाठी एक जनावर डावीकडून आलं, पाच पावलं चाललं, त्याने वळून कॅमेऱ्याकडे बघितलं आणि झाडीत गेलं. फूटपट्टीने ते अकरा वेळा बघितलं. अकराव्या वेळी चष्मा कपाळावरून खाली आला.

"बोला ना, फूटपट्टी. गाय का?"

"गप्प बसा."

"मागून?"

"गप्प बसा म्हणतो ना."

खात्याची रीत अशी, की खुर्चीत बसून ओळख पटली नाही तर जागेवर जायचं. कॅमेरा त्याच झाडाला, पट्ट्याच्या जुन्या वळावर बांधायचा. कार्ड आणणाऱ्याने जनावराच्या पावलांवर खुणांची काठी धरून उभं राहायचं, आणि दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून उंची काढायची. म्हणजे दोघांनी बरोबर जाणं आलं. दोन तासांची चढण दोघं एकमेकांशी चकार शब्द न बोलता चढले. एकदा फक्त साडूभाऊ म्हणाले, "बुटाची नाडी सुटलीये तुमची." फूटपट्टी म्हणाला, "मला माहितीये." आणि पुढे शंभर पावलांवर नाडीत पाय अडकून पडला. साडूभाऊंनी हात दिला नाही, हसले मात्र मनापासून.

ओढ्याकाठी मापं निघाली. उंची पावणेआठ फूट. हात गुडघ्याच्या खाली चार बोटं. चिखलात पाच पावलं उमटली होती, आणि दर पावलात बोटं जोर देताना फाकली होती. सोंगाच्या पायांची बोटं फाकत नाहीत, हे एकवीस वर्षांत त्याने शेकडोंना ऐकवलं होतं. तो चिखलात गुडघे टेकून बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

"काय झालं? कंबर धरली?" साडूभाऊंनी विचारलं.

"काठी सरळ धरा," फूटपट्टी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलापुढे दोघं उभे राहिले. मॅडम म्हणजे खात्याच्या वरिष्ठ. त्यांना दोनच गोष्टींचा तिटकारा होता, अर्धवट अहवालाचा आणि पाहुण्यांचा.

"ओळख पटत नाही," फूटपट्टी म्हणाला. "सोंग नाही, अस्वल नाही, माणूस नाही. मी जबाबदारी घेतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही म्हणताय हे?"

"मी म्हणतोय."

"मग वरचं जंगल बंद करावं लागेल. बाहेरून जाणकार येतील. शोध तुमच्या साडूंच्या नावावर लागेल. ओढ्याकाठी तशी पाटी, खाली तपासनीस म्हणून तुमची सही." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "कॅमेऱ्यापुढे कुणी सोंग आणलं नाही, एवढी सही करा."

साडूभाऊंनी पेन उचललं. हमरस्ता, दुकान, पाटीवर छापून येणारं नाव, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तेवढ्यात त्यांची नजर बाजूला गेली. फूटपट्टी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. हरवलेलं लेकरू सापडलेल्या बापासारखा दिसत होता तो. साडूभाऊंना सगळं सोसलं असतं, पण हा माणूस सुखी झालेला त्यांना बघवेना.

"मॅडम, तो मीच होतो," ते म्हणाले.

"काय?"

"केसाळ पोशाख घालून. पायाला फळ्या बांधून. यांना फसवायचं होतं, फसले."

"खोटं बोलतायत," फूटपट्टी म्हणाला. "फळ्यांवर गुडघा तसा वाकत नाही. बोटं फाकलीयेत चिखलात."

"रबराची होती. टायरचं दुकान आहे माझं."

"साडूभाऊ, तुमच्या नावाची पाटी लागत होती हो."

"लागत होती. पण खाली सही तुमची."

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि रजिस्टर आपल्याकडे ओढलं. "सोमवारी तो पोशाख इथं आणा. चित्राशी ताडून बघू. जुळला तर नोंद बनावट, आणि तपासनिसाचा निकाल चुकला म्हणून लाल शाई. नाही जुळला तर तुमच्यावर खोट्या जबानीची कारवाई. निघा आता."

पोशाख असता तर आणला असता.

शनिवारी दुपारी हमरस्त्यावर बघणाऱ्यांची गर्दी लोटली. टायरच्या दुकानात पंक्चरचं काम बंद होतं. साडूभाऊ मांडी घालून बसले होते आणि जुन्या टायरमधून पायाची बोटं कापत होते. अंगठा तिसऱ्यांदा तुटला होता. त्यांची बायको काळ्या ब्लँकेटला सोफ्यातला काथ्या शिवत होती. कपाळाला आठ्या, तोंडात दोरा, आणि दोऱ्याआडून नवऱ्याचा उद्धार चालू होता.

"कुणी सांगितलं होतं नसतं सोंग कबूल करायला?"

"शीव तू."

"शिवते, पण बाही किती ठेवू? हात कुठवर होता त्याचा?"

साडूभाऊंनी नुसताच हवेत हात लांब करून बघितला. त्यांना आठवत नव्हतं. काठी त्यांनी धरली होती, पण मापं लिहिली होती दुसऱ्याने.

तो दुसरा समोरच्या फुटपाथवर, बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता. सकाळपासून. येणारे-जाणारे त्याला हसून जात होते, 'काय फूटपट्टी, कोळीसाहेबांनी जिरवली म्हणे'. मांडीवर वही होती. पानावर पावणेआठ फूट होतं, चार बोटं होती, गुडघ्याचा वाक अंशांत होता.

मेव्हणीने मान वर करून त्याला बघितलं आणि रस्त्यापलीकडून हाक मारली, "अहो, ऐकलंत का? तुम्हीच मोजलंत ना त्याला? हाताची लांबी तेवढी सांगा. घरातलीच माणसं आपण."

फूटपट्टीने वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला.

"सांगतो की, ताई," तो म्हणाला. "सोमवारी. काठी घेऊनच बसतो."