कलती भिंत

चौथ्या शिल्पापाशी म्हाताऱ्या गवंड्याने कुबडी जमिनीत रोवली आणि पाय दुखत असल्याचे जाहीर केले.

"मगाशी दुसऱ्यापाशीही दुखत होता," लेक म्हणाली.

"तो वेगळा दुखत होता."

समोर गंजक्या पत्र्याचा मासा होता. एरवी अशा माशाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नसते; आज ते त्याचे खवले मोजू लागले. टेकडीच्या पायवाटेवर नऊ शिल्पे मांडली होती. नववे लेकीचे होते, आणि तिथवर पोहोचण्याची त्यांना भीती वाटत होती.

दीड महिन्यापूर्वी लेक जेवायला गेलेली असताना ते सहज तिचे काम बघायला आले होते. कमरेएवढी विटांची भिंत, आणि तीही एका अंगाला कललेली! चाळीस वर्षे भिंती बांधलेल्या माणसाच्या पोरीचे चारचौघांत हसे होणार. त्यांनी खिशातला पितळी ओळंबा काढला, दोरी सोडली आणि उजवीकडचा ओला कोपरा उतरवून पुन्हा सरळ रचला. शेवटची वीट हातातून सुटली ती थेट पायावर. घरी सांगितले, बाथरूममध्ये घसरलो. बायकोने बिचारीने तीनदा फरशी घासली.

मग पाय उशीवर ठेवून पडल्या पडल्या त्यांनी प्रदर्शनाचे माहितीपत्रक वाचले. नऊ नंबरला छापले होते: 'कलती भिंत'.

तेव्हापासून लेक भिंतीबद्दल चकार शब्द बोलली नव्हती, आणि विचारायची यांची छाती नव्हती. त्यातून ओळंबाही सापडत नव्हता. कपाटाखाली कुबडी घालून घालून ते थकले होते.

"चला बाबा. मासा कुठे पळून जात नाही."

पाच, सहा, सात, आठ. बाक दिसला की पाय दुखे. शेवटी बाक संपले.

नवव्यापाशी चार-पाच माणसे उभी होती. गवंड्याने हळूच मान वर केली. डावीकडून भिंत कलत कलत आली होती आणि उजवीकडे ताठ उभी राहिली होती. दोन्ही भाग जिथे भेटत होते तिथे एका खिळ्याला त्यांचा ओळंबा टांगलेला होता. शेजारी पाटी: 'बापलेक. साहित्य: विटा, सिमेंट, बाबांचा ओळंबा.'

"हा सरळ कोपरा काय धीट आहे!" एक चष्मेवाले गृहस्थ बायकोला म्हणाले.

गवंड्याने चष्मा पुसला. पुन्हा पाटी वाचली.

"तुला माहीत होतं?"

"बाथरूममध्ये घसरल्यावर पायमोज्यात विटेचा चुरा येतो का हो बाबा?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. खूप राग आला होता. आठ दिवसांनी कोपरा पाडायला आले." ती भिंतीकडे बघत राहिली. "पडेचना."

"पडेल कसा," ते म्हणाले. त्यांना दरडावून बोलायचे होते, पण त्यांनी उगाच पायाच्या प्लास्टरवरची धूळ झटकली.

तेवढ्यात त्यांच्या लक्षात आले, पाटी जराशी तिरकी लागली आहे. त्यांनी कुबडी उचलून टोकाने ती अलगद सरळ केली.

लेकीने एका बोटाने ती होती तशी तिरकी केली.

गवंड्याने कुबडी खाली टेकली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.