चिमणीचा स्वेटर

एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला तेवीस जण होते. प्रयोगशाळेत दोघादोघांच्या जोड्या पाडल्या, आणि ती उरली. यादीवरून पेन फिरवत सर म्हणाले, "तू हुशार आहेस, एकटी करशील." सगळ्यांदेखत कौतुक झालं, त्यामुळे नाही म्हणायची सोयच राहिली नाही. बेसिनशेजारचं शेवटचं टेबल तिच्या वाट्याला आलं.

वसतिगृहात आईचा फोन दर रविवारी दुपारी यायचा. दुसऱ्याच रविवारी आईने विचारलं, "मैत्रीण मिळाली का गं कुणी?" आईच्या आवाजात इतकी काळजी होती की तिच्या तोंडून निघून गेलं, "मिळाली ना. प्रयोगाला आम्ही दोघी एकत्र असतो."

"नाव काय तिचं?"

"सगळे चिमणीच म्हणतात तिला. सारखी चिवचिवत असते."

आई हसली. आईला बरं वाटलं म्हणून हिलाही बरं वाटलं, आणि इथेच सगळी गडबड झाली. पुढच्या रविवारी आईने आधी चिमणीची चौकशी केली, मग लेकीची. मग चिमणीला दोन मोठे भाऊ आले, चष्मा आला, चहात बिस्कीट बुडवून ते हमखास आत पाडायची खोड आली. आठवडाभर कुणाशी चार वाक्यं बोलणं व्हायचं नाही, पण रविवारी मात्र हिच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असायचं.

थंडी सुरू झाली आणि पार्सल आलं. आत दोन स्वेटर. एक निळा, तिचा. दुसरा पिवळा, एक माप लहान, त्यावर आईच्या अक्षरात चिठ्ठी: 'चिमणीला. बाह्या आखूड झाल्या तर उसवून पुन्हा विणून देईन.' फोनवर आई म्हणाली, "येत्या रविवारी तिला जवळ बसव. मला तिच्याशी बोलायचंय."

आठवडाभर पिवळा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर होता. खोलीत शिरलं की आधी तोच दिसायचा.

शुक्रवारी प्रयोगाचा महत्त्वाचा टप्पा होता. तीन आठवडे खपून बनवलेला पदार्थ पाण्यापासून वेगळा करायचा होता. काचेच्या उभट फनेलमध्ये दोन थर स्वच्छ दिसत होते. मागच्या वेळी पदार्थ विरघळवायला ईथर वापरलं होतं. ते पाण्यावर तरंगतं, म्हणून खालचा थर टाकून द्यायचा. तिने सवयीने तोटी उघडली आणि खालचा थर टाकाऊ द्रावणांच्या मोठ्या बाटलीत सोडून दिला. तोटी बंद केली आणि मग तिला आठवलं. आजचं द्रावक ईथर नव्हतं. ते पाण्याहून जड होतं. बाटलीत सगळ्या वर्गाची घाण होती आणि तिचे तीन आठवडे त्यात मिसळून गेले होते. फनेलमध्ये उरलं होतं ते नुसतं पाणी.

सरांनी फनेलकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. ते ओरडले नाहीत. "तोटी उघडण्याआधी शेजारी विचारायचं ना, कुठला थर म्हणून. एवढंच तर होतं."

"हो सर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज घोगरा निघाला. घसा खाकरताना तिच्या लक्षात आलं, सकाळपासून उच्चारलेले हे पहिले शब्द.

शेजारच्या जोडीतल्या उंच मुलीने मान वळवून पाहिलं, काहीतरी बोलावंसं वाटून ओठ हलवले, आणि पुन्हा आपल्या बर्नरकडे वळली.

रविवारी फोन वाजला तेव्हा ती पलंगावर बसली होती.

"दे तिला," आई म्हणाली.

"आई, चिमणी नाहीये."

"बाहेर गेलीय?"

"नाही. नाहीच आहे ती. मी सांगायचे तेवढीच होती."

पलीकडे चाललेला विणायच्या सुयांचा आवाज थांबला. मग आई म्हणाली, "मला शंका होती. चार महिन्यांत तुमचं एकदाही भांडण झालं नाही."

तिला हसू यायला हवं होतं. ती रडायला लागली. आईने रडू दिलं.

"मग दिवसभर बोलतेस तरी कुणाशी?"

"काल मेसमध्ये म्हटलं, मीठ द्या."

"दिलं का?"

"दिलं."

"घरी येतेस का?" आईने अगदी हळू विचारलं.

तिने खिडकीबाहेर पाहिलं. समोर प्रयोगशाळेची इमारत, रविवारची बंद. "नाही. प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करायचाय. तीन आठवडे लागतील."

"बरं. पण यापुढे जे झालं तेवढंच सांगायचं. काही झालं नसेल तर तेही सांग. मला चालेल."

तिने प्रयोग पुन्हा केला. तोटीला हात लावण्याआधी उंच मुलीला विचारलं, "माझा थर खालचा ना?" "खालचाच," ती म्हणाली, आणि तोटी बंद होईपर्यंत शेजारी उभी राहिली. मग आपल्या जोडीदाराकडे गेली. पदार्थ मिळाला, थोडा कमी, पण पांढराशुभ्र.

रविवारी तिने हे सगळं आईला सांगितलं. सांगून दोन मिनिटांत झालं. पुढे दोघींकडेही बोलण्यासारखं काही नव्हतं. पलीकडून आईच्या सुयांचा आवाज येत राहिला. फोन मात्र दोघींपैकी कुणी ठेवला नाही.